अर्ज तुझा, परीक्षा नवऱ्याची

या महिन्यात परदेशी जोडीदार आणि तिकडे कायमचं जाणं या विषयावरची पत्रं जरा जास्तच आली. तीन निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यातली चूक मी स्वतः केलेली आहे.

प्रश्न : ताई, मी कासारवडवलीला राहते, ऐरोलीला आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, पगार वर्षाला ३८ लाख. नवरा ब्रिटिश, लग्नाला सहा वर्षं झाली, तो ओसीआयवर (परदेशी नागरिकाला इथे राहू देणारं कार्ड) इथेच राहतो आणि एका शाळेत इंग्लिश शिकवतो, त्याचा पगार साधारण १६ लाख. मुलगी ४ वर्षांची, जन्म ठाण्यातला. सासूबाई तिकडे एकट्या असतात, मागच्या थंडीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, म्हणून येत्या जूनपर्यंत कायमचं जायचं असं चाललंय. मी समजत होते की नवराच तिथला नागरिक, शिवाय माझा पगार भरपूर, म्हणजे माझा व्हिसा हा फॉर्म भरण्यापुरताच विषय. पण ऑफिसमधली एक जण म्हणाली तुझा पगार धरतच नाहीत. खरंय का हे? आणि सरळ टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच अर्ज केला तर? – मानसी, ठाणे

उत्तर : मानसी, मैत्रीण बरोबर बोलली. तुझे ३८ लाख त्यांच्या हिशोबात शून्य.

राग येतो ना? मलाही आला होता. पण त्यांची बाजू अशी की तू इथून निघालीस की ही नोकरी सुटणार, मग या पगारावर घर कसं चालणार. म्हणून ते बघतात ते स्पॉन्सरकडे, म्हणजे तुझ्या नवऱ्याकडे, आणि त्याचं उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पौंड हवं. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा आहे, त्याआधी २०१२ पासून १८,६०० होता. रुपयात ३३ लाखांच्या वर जातात. म्हणजे अर्जावर नाव तुझं, फोटो तुझा, बोटांचे ठसे तुझे आणि पेपर सोडवायचा नवऱ्याने.

तो इथे राहतोय म्हणून त्याला दोन कुलपं उघडावी लागतात. एक, त्याचा इथला पगार गेले सहा महिने २९,००० पौंडांच्या हिशोबाने असायला हवा. दोन, परत गेल्यावर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी, तेवढ्याच पगाराची, पक्की नोकरी हातात हवी. नुसतं ऑफर लेटर आणून भागत नाही, दोन्ही लागतं. १६ लाखांत पहिलंच कुलूप उघडत नाही, त्यामुळे हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे असंच धर, त्यात वेळ घालवू नका.

मग राहिली सेव्हिंग्ज. इथे मात्र तुझा पैसा चालतो, पगार चालत नाही पण साठवलेला पैसा चालतो, तुझ्या नावावर असो, त्याच्या असो की जॉइंट. उत्पन्न काहीच दाखवायचं नसेल तर ८८,५०० पौंड लागतात, तेही अर्जाआधी सहा महिने तुमच्याकडे असलेले. हा विचित्र आकडा कुठून आला तर पहिले १६,००० ते सोडून देतात आणि उरलेल्याला अडीचने भागतात, ७२,५०० भागिले अडीच म्हणजे बरोबर २९,०००. रुपयात कोटीच्या वर जातं. एवढी रक्कम कुणाकडे असते असं वाटेल, पण घोडबंदर रोडला फ्लॅट असलेल्या माणसाकडे ती भिंतींमध्ये असते. तुमचा स्वतःचा फ्लॅट असेल आणि तो विकून पैसे खात्यात आले तर फ्लॅट तुमच्या मालकीचा होता तो काळ सहा महिन्यांत धरतात, फक्त मालकीची आणि विक्रीची कागदपत्रं व्यवस्थित हवीत. म्युच्युअल फंडाचंही तसंच, अर्जाच्या दिवशी पैसे रोख खात्यात दिसले पाहिजेत. एफडी मोडता येणारी असली की झालं. बाबांनी दिलेले पैसे चालतात पण ते तुमच्याकडे सहा महिने पडून राहायला हवेत, आणि कर्जाऊ आणलेले अजिबात नाही. आणि सहा महिन्यांत एकदाही शिल्लक त्या आकड्याच्या खाली जाता कामा नये, एक दिवससुद्धा नाही. दिवाळीत सोनं घ्यायला त्याच खात्यातून पैसे काढलेस तर मीटर परत शून्यावर.

राहतं घर विकायला मन होत नसेल, माझं तर झालं नसतं, तर बहुतेक जोडपी करतात तेच करा, नवऱ्याने पुढे जायचं. तिथे एकाच मालकाकडे २९,००० च्या वरच्या पगारावर सहा महिने काम, सहा पेस्लिपा, आणि मग तू इथून अर्ज करायचा. त्याच्याकडे तिथलं शिक्षकाचं क्वालिफिकेशन असेल तर इंग्लंडमध्ये सरकारी शाळेतला सुरुवातीचा पगारच ३१ हजारांच्या वर आहे, म्हणजे आकड्याची चिंता नाही. चिंता आहे ती तारखेची. तिकडे शाळांची मुख्य भरती सप्टेंबरची असते. सप्टेंबरला जॉइन झाला तर सहावी पेस्लिप फेब्रुवारीअखेर, मार्चमध्ये अर्ज, निकालाला साधारण १२ आठवडे, म्हणजे जूनच, पण त्याच्या पुढच्या वर्षीचा. रोजच्या बदलीवरचं शिकवण्याचं काम लवकर मिळतं खरं, पण त्यात पगार वरखाली होतो आणि मग सहाऐवजी बारा महिन्यांचा हिशोब मागतात, तर तो मोह टाळा. मास्तरकी सोडून दुसरी कायम नोकरी लगेच मिळत असेल तर घेऊ दे, व्हिसा अधिकाऱ्याला तो काय शिकवतो याच्याशी देणंघेणं नाही. आणि एक बघ, सासूबाईंना आत्ता माणूस हवाय ना? तो माणूस आधी पोचतोय. तू नंतर गेलीस तर आभाळ कोसळत नाही.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे स्पाउस व्हिसाचा अर्ज करता येत नाही. स्पष्ट नियम आहे. मधल्या काळात भेटायला जायचं तर व्हिजिटर व्हिसावर जा, पण फॉर्मवर खरं लिही की नवरा तिथे आहे आणि मी परत येणार आहे, आणि परत ये.

तिसरा एक रस्ता तुझा स्वतःचा आहे. तुझी कंपनी तुला तिथे स्किल्ड वर्कर म्हणून नेणार असेल तर नवऱ्याचा पगार हा विषयच संपतो, पण जुलै २०२५ पासून त्याला किमान ४१,७०० पौंडांचा पगार लागतो. तुझ्या अनुभवाला तो मिळू शकतो. एचआरला विचारून बघ, विचारायला पैसे पडत नाहीत. मात्र कंपन्या कधीकधी अंतर्गत बदलीचा वेगळा व्हिसा देतात आणि त्यावर कितीही वर्षं काढली तरी कायमचं राहण्याचा हक्क मिळत नाही, तेव्हा कुठला व्हिसा देताय हे नावानिशी विचार.

आता माझी गोष्ट. २०१३ साली माझ्या नवऱ्याने (तो स्कॉटिश) तिकडे नोकरी धरली, १८,६०० चा आकडा आरामात पार, सहा पेस्लिपा, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स. कागद लावले ठाणे स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटने. मी नौपाड्यात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळं मांडलं होतं, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशा गठ्ठ्या, आणि फेब्रुवारीच्या स्टेटमेंटचं दुसरं पान नव्हतं. पगार जमा झाल्याची ओळ नेमकी त्याच पानावर. मी विचारलं तर तो म्हणाला मॅडम पेस्लिप आहे ना, चालून जाईल, लागलं तर ते मागतील. मागितलं नाही. अडीच महिन्यांनी नकाराचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की फेब्रुवारीचा पगार खात्यात आल्याचा पुरावा नाही. एका पानापायी फी गेली आणि आणखी पाच महिने तो तिकडे मी इकडे. तेव्हापासून मी कुणाच्याही अर्जाचं पाकीट बघते तेव्हा आधी पेन्सिल घेते, पेस्लिपवरचा नेट आकडा आणि स्टेटमेंटवरचा जमा आकडा, दोन्हीखाली रेघ मारते, सहा वेळा. पैशापैशाने जुळला पाहिजे. नाही जुळला तर मालकाकडून का नाही जुळला याचं पत्र.

बाकी गोष्टी भराभर सांगते. इंग्लिशची परीक्षा द्यावी लागेल, तुझी मुंबई युनिव्हर्सिटीची डिग्री इंग्लिशमधून असली तरी ती आपोआप चालत नाही, तिकडच्या संस्थेकडून दाखला मागवावा लागतो, त्यापेक्षा ए१ ची, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीची, ऐकण्या-बोलण्याची छोटी परीक्षा देऊन मोकळी हो. टीबीची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच, छातीचा एक्स-रे असतो, सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी कर. फी १९०० पौंडांच्या वर आणि त्यावर हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५, तीन वर्षांचा मिळून ३,१०५, एकरकमी. व्हिसा ३३ महिन्यांचा, मग अडीच वर्षांचं एक्स्टेन्शन, पाच वर्षांनी कायमचं. एक्स्टेन्शनच्या वेळी मात्र तुझा तिथला पगार धरतात, तेव्हा तू एकटीच सगळं पार पाडशील.

मुलीचं वेगळं आहे. नवऱ्याचा जन्म यूकेतला असेल आणि तो जन्मतः ब्रिटिश असेल तर मुलगी आपोआप ब्रिटिश आहे, तिला व्हिसा नको, सरचार्ज नको, फक्त पासपोर्ट काढायचा. पण तिचा भारतीय पासपोर्ट काढला असेल तर दोन्ही ठेवता येणार नाहीत, ब्रिटिश घेतला की भारतीय सरेंडर करायचा, आणि इथे जन्मलेली पोर ब्रिटिश पासपोर्टवर पहिल्यांदा बाहेर पडताना एफआरआरओचं (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) एक्झिट परमिट लागतं. हे तिकिटं काढायच्या आधी. एअरपोर्टवर रात्री दीड वाजता हे कळलेलं एक कुटुंब मला माहितीये.

प्रश्न : नमस्कार ताई, मी खारघरला राहतो. होणारी बायको जर्मन आहे पण गेली तीन वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरी करते. डिसेंबरमध्ये ती दोन आठवडे येतेय, वाशीला हॉल घेतलाय, गुरुजी ठरलेत, सप्तपदी वगैरे सगळं तिला हवंय. धर्म बदलणार नाहीये. लग्न झालं की लगेच पालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट घेऊन फेब्रुवारीत तिच्याकडे जायचा प्लॅन आहे. ए१ जर्मनचा क्लास लावलाय पण डेर-डी-डासमध्येच जीव जातोय. हे सगळं वेळेत बसेल ना? – रोहन

उत्तर : अरे रोहन, क्लास सोडून दे आणि आधी कॅलेंडर घे.

हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. ती धर्म बदलत नाहीये, बदलूही नये, पण मग वाशीच्या हॉलमधली सप्तपदी ही कायद्याच्या नजरेत समारंभ, लग्न नव्हे, आणि तिच्या जोरावर निघालेलं सर्टिफिकेट पुढे कुणी उचकटलं तर तुमची पंचाईत. तुमचं लग्न लागणार ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, रजिस्टर. गुरुजींना अजिबात रद्द करू नकोस, सकाळी रजिस्टर आणि संध्याकाळी सप्तपदी असं कितीतरी जण करतात.

रजिस्टरसाठी आधी नोटीस द्यायची, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, आणि तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर नोटीस बाद. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं हवं. आता गंमत इथे आहे, तू खारघरचा आहेस आणि खारघर रायगड जिल्ह्यात येतं. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, सीबीडी ओलांडून तुझ्याकडे आलं की रायगड. नवी मुंबई म्हणून आपण सगळं एकच धरतो पण विवाह अधिकारी तसं धरत नाही. हॉल वाशीला आहे म्हणून ठाण्यात नोटीस द्यायला गेलास तर तुझ्या पत्त्याचा पुरावा बघून परत पाठवतील.

तिचे दोन आठवडे ३० दिवसांत बसत नाहीत हे तर दिसतंयच. नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात, तर आत्ताच त्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचार की ऑनलाइन नोटीस दिली तर परदेशी वधूसाठी काय काय आणि कधी हजर राहावं लागेल. नाहीच जमलं तर तिने ऑक्टोबरअखेर एक छोटी फेरी मारायची. तिच्याकडून अविवाहित असल्याचा, लग्नाला अडथळा नसल्याचा जर्मन दाखला लागेल, तो सहाच महिने चालतो, म्हणून फार लवकरही काढू नका. तीन साक्षीदार ओळखपत्रासकट. आणि हो, नोटीस कार्यालयात फळ्यावर लागते, तेव्हा पनवेलच्या मावशीला अजून सांगितलं नसेल तर आता सांगून टाक.

आता क्लास का सोड म्हणते ते. तू जर्मनीत जात नाहीयेस. ती जर्मन आहे पण राहते नेदरलँड्समध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या एका देशाची नागरिक दुसऱ्या देशात नोकरी करतेय, आणि अशा माणसाच्या नवऱ्याला २००४ चा युनियनचा फिरण्या-राहण्याचा नियम लागतो. भाषेची परीक्षा नाही, पगाराची किमान अट नाही, तिची खरी नोकरी आणि तुमचं खरं लग्न एवढंच. एंट्री व्हिसाला फीसुद्धा नाही. हीच मुलगी डच असती आणि आइंडहोव्हनलाच राहत असती तर तुला इथे बसून डच भाषेची आणि तिथल्या समाजाची परीक्षा पास व्हावी लागली असती, वर तिचा पगारही तपासला असता. आपल्याच पोरीच्या नवऱ्याला जास्त कडक आणि शेजारणीच्या नवऱ्याला सूट, असा तो प्रकार आहे, पण तुला फायद्याचा आहे तर घे.

फक्त तू पोचायच्या आत ती जर्मनीत परत गेली तर खेळ बदलतो. मग जर्मन नियम, ए१ आधी पास व्हायचं, आणि जर्मनी भारतीय अपोस्टील (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) मानत नाही, तुमच्या लग्नाचा दाखला त्यांचं कॉन्सुलेट स्वतः तपासून घेतं आणि त्यात महिने जातात. म्हणजे तिला नोकरी बदलायची खाज असेल तर ती सध्या खाजवू नकोस म्हणावं. नेदरलँड्ससाठी मात्र दाखल्यावर अपोस्टील करून घे, आधी मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र खात्याचं.

प्रश्न : आमचे जावई अमेरिकन आहेत, पाच वर्षं ठाण्यातच आहेत, इथूनच ऑनलाइन काम करतात. लग्नाला दीड वर्ष झालं. आता दोघं तिकडे जायचं म्हणतात. लेकीचं भारतीय नागरिकत्व जाणार का? नौपाड्याचं घर आणि चिपळूणकडची थोडी बाग तिच्या नावावर करायची आहे, ते अडेल का? काळजीने झोप लागत नाही. – एक आई, नौपाडा

उत्तर : काकू, अमेरिकन माणसाशी लग्न केल्याने नागरिकत्व जात नाही, ग्रीन कार्ड मिळाल्यानेही जात नाही. उद्या तिने स्वतःहून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तरच भारतीय जातं, आणि त्यासाठी ग्रीन कार्डानंतर किमान तीन वर्षं तिथे नवऱ्यासोबत राहावं लागतं. म्हणजे तुम्हाला झोपायला भरपूर वेळ आहे. तेव्हासुद्धा ओसीआय मिळतं. घर तिच्या नावावर राहू शकतं. बाग तेवढी मृत्युपत्राने ठेवा, परदेशस्थ माणसाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. वकिलाकडून एकदा नीट लिहून घ्या. आणि ती गेली की तिचं इथलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं खातं) करायचं असतं, हे सगळे विसरतात.

मला काळजी वाटते ती जावईबापूंची. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला रांग नसते हे खरं, पण जावयांना तिच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते आणि हमी देणारा अमेरिकेत राहणारा हवा. ते पाच वर्षं ठाण्यात आहेत. तेव्हा आपण खरंच परत राहायला जातोय हे त्यांना कागदावर दाखवावं लागेल, तिथलं भाड्याचं घर, बँक खातं, नोकरीची बोलणी, असं काहीतरी. आणि त्यांना आज संध्याकाळी चहाच्या वेळी सहज विचारा, ठाण्यात राहताना अमेरिकेचा टॅक्स रिटर्न दरवर्षी भरलात का? अमेरिकन माणूस जगात कुठेही असला तरी त्याला तो भरावा लागतो, आणि हमीपत्रासोबत तो जोडायचा असतो. मी बघितलेल्या अर्ध्या केसेस इथेच अडकल्यात, कारण इथे कमावतो म्हणून इथेच भरला की झालं असं त्यांना वाटतं. नसेल भरला तर मागचे भरून घ्यायचे आणि मगच हमीपत्र. उत्पन्न कमी पडलं तर त्यांचा तिथला भाऊ-बहीण कुणी जोड-हमी देऊ शकतं.

लेकीचं एकच काम आत्ता करून ठेवा. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं, त्यामुळे पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं आणि डिग्रीवर तिसरंच, असं तिचं असणारच. फॉर्ममध्ये आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात, तिथे एकही सोडू नका. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात पोलिस क्लिअरन्ससाठी जायचंच आहे, त्याआधी पासपोर्टवरचं नाव हवं तसं करून घ्या, मग क्लिअरन्स त्याच नावाने निघेल.